रविवारचा डबा

सोमवार ते शनिवार आमच्या घरातून जेवणाचे दोन डबे निघायचे आणि लोकलचेही आम्ही दोन डबे धरायचो. तो जनरलमध्ये, मी लेडीजमध्ये. गाडी एकच, सकाळी ८.१४ची, पण दादरला मी उतरेपर्यंत आणि तो पुढे व्हीटीला जाईपर्यंत आमची गाठ नाही. दादरच्या फलाटावरून चालताना मी सवयीनं त्याच्या डब्याच्या दाराकडे बघायची. दिसायच्या त्या कड्यांना लटकलेल्या हातांखालच्या बगला. त्यातली नवऱ्याची कुठली, हे लग्नाला वर्ष होऊनही मला ओळखता येत नव्हतं.

रविवारी मात्र एकच डबा. दोन्ही अर्थांनी.

परवा मुलीनं सहज विचारलं, ‘तुम्ही तेव्हा वीकएंडला काय करायचात?’ काय सांगणार? वीकएंड हा शब्द आमच्याकडे नव्हता, कारण ती चीजच नव्हती. आमचं लग्न डिसेंबर १९९६चं. नवरा बँकेत, त्याला शनिवारी अर्धा दिवस. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची पूर्ण सुटी मिळाली ती थेट २०१५ साली. माझं ऑफिस खासगी, त्यामुळे शनिवारही साडेपाचपर्यंत. उरला रविवार. माझे सासरे लालबागच्या गिरणीतले. १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, मग चाळीतली खोली विकून डोंबिवली. ते म्हणायचे, ‘रविवार काय आभाळातून पडलेला नाही. लोखंड्यांनी मिळवून दिलाय.’ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुटी मंजूर झाली. ती तारीख सासऱ्यांना पाठ. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार सून घराबाहेर उधळते, असं ते कधी बोलले नाहीत. पण आम्ही चपला घालत असताना पेपर जरा जोरात झटकायचे.

बाहेर पडायचं कारण साधं होतं. वन रूम किचन, माणसं पाच. आम्ही दोघं स्वयंपाकघरात निजायचो, पाय ओट्याखाली. पलीकडे पडद्याआड सासू-सासरे आणि अभ्यास करणारा दीर. प्रेमाचं सोडा, भांडायचं तरी कुजबुजत. नव्या लग्नात माणसाला आवाज चढवून भांडता आलं पाहिजे, असं माझं आजही मत आहे. आमचं पहिलं खणखणीत भांडण अंबरनाथच्या देवळामागे, वालधुनीच्या काठावर झालं आणि ते झाल्यावर दोघांनाही इतकं हलकं वाटलं, की तिथेच बसून आम्ही सगळ्या दशम्या संपवल्या. देऊळ शिलाहारांच्या काळातलं. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख तिथे आहे. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि खाली गेलं की उन्हाळ्यातही गारवा. भिंतींवरच्या दगडी माणसांची गर्दी पाहून नवरा म्हणाला होता, ‘ही आपली ८.१४च!’ आता तिथे बराच कायापालट झालाय. तेव्हा रविवारी सकाळी चारदोन म्हातारे आणि एक पुजारी, बस.

कुठे जायचं हे बहुतेक वेळा पास ठरवायचा. नवऱ्याचा तीन महिन्यांचा पास व्हीटीपर्यंत, माझा दादरपर्यंत. (स्टेशनचं नाव १९९६मध्येच बदललं होतं, पाट्याही बदलल्या, जिभेला मात्र वेळ लागला.) पहिल्यांदा नूतनीकरणाच्या वेळी खिडकीशी उभी असताना मी विचारलं, व्हीटीपर्यंत काढला तर किती जास्त? फरक अगदी थोडा निघाला. काढून टाकला. घरी सांगितलं नाही. दादरला नोकरी करणाऱ्या सुनेच्या पर्समध्ये व्हीटीचा पास कशाला, याचं सासूबाईंना पटेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. खरं उत्तर होतं – रविवारी जनरलच्या डब्यात खिडकीशी समोरासमोर बसून, रिकाम्या गाडीतून, तिकीट न काढता शेवटच्या स्टेशनापर्यंत जाता यावं.

आता जेवण.

प्रवासाचं जेवण चवीपेक्षा आधी टिकण्याचं शास्त्र असतं, हे मला आईनं कधी शिकवलं नाही. ते डबे नासून शिकावं लागलं. मे १९९७मध्ये वसईला निघालो तेव्हा मी हौसेनं मटकीची उसळ घेतली होती, ओलं खोबरं घालून. किल्ल्यात पोचून झाकण उघडलं तर फस् असा आवाज. चिमाजी अप्पांनी १७३९च्या मे महिन्यातच हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, हे नवरा मला अगदी रंगात येऊन सांगत होता आणि मी फेसाळलेल्या उसळीकडे बघत होते. स्टेशनच्या वाटेवर सुकेळी घेतली, वसईची ती गोड, चिवट, वाळवलेली केळी. दोघांनी दिवसभर तीच चघळली. तेव्हापासून उसळ आणि ओलं खोबरं बाद.

उरलं ते असं. तिखटमिठाच्या पुऱ्या: कणकेत थोडं बेसन, तिखट, हळद, ओवा, तीळ, कडकडीत मोहन, पीठ घट्ट, पुरी जराशी जाड आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर वाफ धरून सगळ्या मऊ पडतात. दशम्या, पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलेल्या कणकेच्या. बटाट्याच्या काचऱ्या, कांद्याशिवाय. शेंगदाण्याची चटणी. आणि दहीभात. हा दहीभात मला आजही जादूच वाटतो. मऊ भात कोमट असताना त्यात दूध भरपूर आणि विरजण अगदी नखाएवढं. डोंबिवलीला गाडीत चढतो तो दूधभात असतो, दुपारी झाडाखाली उघडतो तो दहीभात. आधीच दही कालवलं तर उन्हात आंबट ढाण होतो. मीठ खाताना घालायचं, फोडणी आधी गार करून वेगळ्या डबीत. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या धक्क्यांत तो डबा लागत गेला, ते त्यालाच ठाऊक.

घारापुरीला आम्ही १९९७च्या थंडीत गेलो. गेटवेहून लाँचनं तासभर, मग पायऱ्या. शैव लेणी, ती भव्य त्रिमुखी मूर्ती. तिच्यासमोर आपण बोलायचं थांबतो, ते काही ठरवून नाही. बाहेर आलो, डबा उघडला आणि माकडानं पुऱ्यांची अख्खी चळत उचलली. बत्तीस पुऱ्या. वर कठड्यावर बसून ते एकेक पुरी हुंगून खाली टाकत होतं. त्याला ओवा आवडला नसावा. मला रडू आलं. नवऱ्याला हसू आलं, आणि ते त्याला महागात पडलं. त्याकडे येतेच.

तिथल्या एका माणसानं सांगितलं, की ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती इथे नाहीच, तो राणीच्या बागेत आहे. पुढचाच रविवार राणीबाग. भायखळ्याला उतरून चालत गेलो आणि खरंच, संग्रहालयाच्या बाजूला काळ्या दगडाचा हत्ती उभा. इंग्रजांनी १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना यारी तुटली, हत्ती फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४मध्ये जोडून पुन्हा उभे केले. सांधे दिसतात. त्याच बागेत काळा घोडाही आहे, ज्याच्यामुळे फोर्टातल्या त्या चौकाला नाव पडलं तो खराखुरा, पाठीवर राजपुत्रासकट. १९६५मध्ये तो इकडे हलवला. म्हणजे हत्तीचं बेट हत्तीवाचून, घोड्याचा चौक तेव्हा घोड्यावाचून आणि दोघे राणीच्या बागेत, जिथे आता राणीही नाही. बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. तिथल्या गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याजवळ बसून आम्ही या गोष्टीवर फार हसलो होतो. त्यानंतर राणीबाग हे आमचं हक्काचं ठिकाण झालं. किती वेळा गेलो ते वहीत आहे.

ही वही म्हणजे नवऱ्याची हिशेबाची. बँकेतला माणूस, चहाचा कप घेतला तरी लिहितो. पुऱ्यांच्या चोरीनंतर घरी आल्यावर त्यानं लिहिलेलं मी वाचलं: ‘घारापुरी. लाँच, चहा २, चणे. जेवण – घरचे, खर्च नाही.’

खर्च नाही! मी पेन घेतलं आणि त्या ओळीपुढे लिहिलं: ‘पुऱ्या ३२. पहाटे ४.३० ते ६.’ त्याखाली, ‘कणीक, बेसन, तेल, झोप.’

आमच्या त्या दिवसांबद्दल आता घरात गोडगोड बोललं जातं. किती साधं होतं, किती थोडक्यात व्हायचं. नवराही बोलतो. थोडक्यात व्हायचं ते त्याच्या वहीत. सहा दिवस लोकल करून सातव्या दिवशी अंधारात, कुणी उठू नये म्हणून पोळपाटाखाली फडकं घालून लाटत बसणं, हे त्या साधेपणाच्या आत होतं. सासूबाईंनी महिनाभर हे पडून ऐकलं. मग एका रविवारी त्या उठल्या, काही न बोलता कढईशी उभ्या राहिल्या. मी लाटायचं, त्यांनी तळायचं. ‘सून फिरायला जाते’ ही त्यांची तक्रार होती. पण भुकेली जाऊ नये, हीही होती. त्या दोन्हींत त्यांना कधी विसंगती वाटली नाही. निघताना पहिल्या घाण्यातल्या चार पुऱ्या काढून ठेवायच्या, सासऱ्यांसाठी. ‘आम्हालाही सहल हवीच की,’ म्हणायच्या. त्यांना एकदा तरी बरोबर न्यायला हवं होतं. विचारलं होतं का आम्ही? मला आठवत नाही, म्हणजे बहुतेक नाहीच.

नवऱ्यानं मात्र ती ओळ मनाला लावून घेतली. पुढच्या रविवारी चारला तो उठला. त्याला पोळी लाटता येत नव्हती, आजही येत नाही, नकाशे होतात. भात मात्र कुकरला लावता येतो. तेव्हापासून दहीभात त्याचा. लेकाला ओट्याशी बघून सासूबाईंना कसंसंच झालं, दोनदा त्यांनी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तिसऱ्यांदा विरजण किती, एवढंच सांगितलं. पहिले दोन-तीन भात आंबटच झाले. एक तर भिवपुरीच्या धबधब्याशी, भर पावसात, डब्यात पाणी जाऊन पेजेसारखा झाला होता. तो आम्ही ओंजळीनं प्यायलो.

बाकी ठिकाणं भराभर सांगते. टिटवाळा, कारण सासूबाईंना तो एकच रविवार पूर्ण मान्य होता. गणपतीला जातायत म्हटल्यावर पुऱ्यांबरोबर शिराही मिळायचा. नेरळहून माथेरान, पायी. छोट्या गाडीच्या रुळांना वाट छेदते तिथे काचऱ्या खाल्ल्या. जहांगीर आर्ट गॅलरी, कारण तिथे प्रवेश फुकट आणि पंखे चांगले. तिथल्या चित्रांतलं आम्हाला फारसं कळायचं नाही, पण कळत नाही हे मोठ्यानं म्हणायला लागलो आणि हळूहळू थोडं कळायलाही लागलं. मरीन ड्राइव्ह तर मोजतच नाही. कट्ट्यावर पाय सोडून बसून दशमी खाणाऱ्या जोडप्याकडे लोक बघायचे. बाकीचे कणीस खात असायचे. पाऊस फार झाला, गाड्या बंद पडल्या, तर डोंबिवलीच्याच फलाटावर बाकावर बसून डबा खाऊन घरी परत. असं दोनदा केलंय. वहीत ‘डोंबिवली स्टेशन’ अशी सहल म्हणून नोंद आहे.

आणि वहीत एक नवा रकानाही आहे. १९९८पासून प्रत्येक रविवारच्या ओळीला शेवटी एक अक्षर लावलेलं दिसतं. म म्हणजे मी, आ म्हणजे आई, त म्हणजे तू. कोण पहाटे उठलं त्याची नोंद. मी कधी मोजलं नव्हतं. मुलीनं विचारल्यावर वही काढली आणि तिनंच बोट ठेवून मोजलं. त्यात त सगळ्यांत जास्त निघाला. ती बाबांकडे बघून काही बोलली नाही, पण वही मिटतानाचा आवाज मला तिच्या आजोबांच्या पेपरासारखा वाटला.

शेवटची सहल एप्रिल २००१ची. मला पाचवा महिना. व्हीटीला जायचं, गेटवेला जायचं, असं बरंच ठरलं आणि अखेर राणीबागच झाली. हत्तीजवळच्या सावलीत बसलो. मला वासानं काही जात नव्हतं, दहीभात तेवढा गेला. वहीत लिहिलंय: ‘राणीबाग. चहा १, लिंबू सरबत १. दहीभात. म.’

त्याच्या पुढच्या पानावर ग्राइप वॉटर आहे.