कायवीचा बारा वेळचा विजेता : ऑस्कर चालुप्स्की

हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधील कायवी सामुद्रधुनी सुमारे ४२ किलोमीटर रुंद आहे आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे तेथे खुल्या प्रशांत महासागरातील मोठ्या लाटा आणून सोडतात. मोलोकाईहून निघून ओआहूला पोहोचणारी, सुमारे ५२ किलोमीटरची सर्फस्की शर्यत याच पाण्यातून जाते आणि ती दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर चालुप्स्की यांनी बारा वेळा जिंकली. पहिल्या विजयाच्या वेळी, १९८३ मध्ये, ते वीस वर्षांचे होते, तर शेवटच्या विजयाच्या वेळी, २०१२ मध्ये, एकोणपन्नास वर्षांचे.

एवढ्या दीर्घ कालावधीचे स्पष्टीकरण केवळ शरीरबळात सापडत नाही. सर्फस्की म्हणजे सहा मीटरहून अधिक लांब, जेमतेम अर्धा मीटर रुंद अशी हलकी होडी, जिच्यावर वल्हेकरी उघड्या खोबणीत बसतो, आत आलेले पाणी आपोआप निचरून जाते आणि सुकाणू पायांनी फिरवले जाते. पाठीमागून वारा असताना लाटेच्या उतारावरून होडी घसरू लागली, की वल्हेकऱ्याचे बरेचसे काम समुद्रच करतो. मात्र एका लाटेचा जोर ओसरण्याआधी पुढचा खळगा हेरून होडीचे नाक त्यात वळवावे लागते, आणि जो हे ओळखत नाही तो लाटेच्या पाठीवर चढण्यातच दमून जातो. चालुप्स्की यांचे खरे सामर्थ्य या नजरेत होते, आणि नजर स्नायूंसारखी तिशीनंतर ओसरत नाही, उलट अनुभवाने पक्की होत जाते.

त्यांच्या उमेदीच्या काळात वर्णभेदी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिका ऑलिंपिकमधून बहिष्कृत होती. हा बहिष्कार न्याय्यच होता. भारतानेही १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम लढत याच भूमिकेतून सोडून दिली होती. या बहिष्कारामुळे गोऱ्या दक्षिण आफ्रिकी खेळाडूंना अधिकृत जागतिक स्पर्धांची दारे बंद असताना, सागरी वल्हेकऱ्यांमध्ये अनौपचारिक विश्वविजेतेपदाचा मान असलेल्या मोलोकाईच्या शर्यतीला चालुप्स्की यांच्या कारकिर्दीत मध्यवर्ती स्थान मिळाले. बहिष्कार उठल्यावर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते उतरले, तथापि तेथील सपाट, अडवलेल्या पाण्यावरील छोट्या अंतराच्या शर्यतींत लाटा वाचण्याच्या विद्येला वावच नव्हता. आंतरराष्ट्रीय कनू महासंघाने सागरी शर्यतींची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पोर्तुगालमधील व्हिला दो कोंदे येथे घेतली ती २०१३ मध्ये, म्हणजे त्यांच्या बाराव्या विजयानंतरच्या वर्षी. पदकतक्त्यांवरून खेळाडूची थोरवी मोजणाऱ्यांनी हा कालक्रम अवश्य ध्यानात घ्यावा.

२०१९ मध्ये त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, झाल्याचे निदान झाले. तरीही उपचार चालू असताना त्यांनी वल्हे खाली ठेवले नाही आणि इतरांना लाटा वाचायला शिकवणेही थांबवले नाही.