मक्तबात सबक पुढे, शाळेत यत्ता तीच

आमच्या मुलीच्या दिवसात दोन शाळा आहेत. सकाळी वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा आणि ती सुटली की मगरिबच्या आत गावातल्या मशिदीतले मक्तब. आमच्या लहानपणी मक्तब फजरनंतर भरायचे. पण आता मांडवगण फराट्याच्या चहूबाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. पहाटेच्या अंधारात लहान पोरांना वस्तीवरून गावात पाठवायची कोणाची छाती होत नाही. म्हणून दप्तर घरात टाकायचे, ओढणी घ्यायची आणि अब्बांच्या मोटारसायकलवर बसून मक्तबाला जायचे, असा तिचा रोजचा क्रम.

मक्तबात यत्ता नसते. बारा-पंधरा मुले एका सतरंजीवर बसतात आणि प्रत्येकाचा सबक वेगळा असतो. कोणी कायद्याच्या पहिल्या पानावर अलिफ-बे घोकत असतो, कोणी अम्म पाऱ्यावर असतो, कोणाचे नाजरा संपत आलेले असते. हाफिजसाहेब एकेकाला जवळ बोलावून सबक ऐकतात. पक्का असेल तर पुढचा देतात, कच्चा असेल तर उद्या पुन्हा तोच. आमच्या मुलीने कायदा भराभर संपवला आणि ती पाऱ्यावर आली, तेव्हा बाकीच्यांचे होईपर्यंत थांब, असे तिला कोणी म्हटले नाही. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा मुलगा अजून कायद्यावर आहे, त्यालाही कोणी हिणवले नाही.

शाळेत मात्र ती दुसरीत होती. जूनमध्ये पुस्तके मिळाली आणि ऑगस्टच्या आत तिने ती वाचून संपवली. मग ती थोरल्या चुलतभावाची चौथीची पुस्तके उघडू लागली. डेअरीची चिठ्ठी घरात आली की लिटर आणि दर पाहून ती तोंडीच अंदाज सांगायची आणि तो बहुधा पाच-दहा रुपयांच्या फरकाने बरोबर निघायचा. आम्हाला कौतुक वाटायचे, पाहुण्यांपुढे तिला प्रश्न विचारायची हौसही आम्ही करून घेतली. (ती आमची चूक होती. पोरीला जत्रेतला खेळ करू नये.) शाळेतून मात्र तक्रार येऊ लागली. चुळबुळ करते, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मध्येच सांगते, पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघते.

दिवाळीनंतर तक्रार थांबली. आम्ही निश्चिंत झालो. मग एके दिवशी तिला विचारले, आज शाळेत काय शिकवले? ती म्हणाली, "तेच." एवढेच. तिची आई त्या रात्री म्हणाली, पोरगी सुधारलेली नाही, पोरगी विझत चालली आहे.

तेव्हा आम्ही पहिल्यांदा गुरुजींकडे गेलो आणि सरळ विचारले, हिला तिसरीत घालता येईल का? घरातली थोरली माणसे सांगतात की पूर्वी हुशार पोराला मास्तर वर्षाच्या मध्यावरच उचलून वरच्या वर्गात बसवत. डबल प्रमोशन म्हणत त्याला. गुरुजी हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. आता मूल नोंदवले जाते ते जन्मतारखेने, पहिलीचे वय ठरलेले, आणि पुढची सगळी यंत्रणा त्या नोंदीवर चालते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये वयाप्रमाणे वर्ग देण्याची गोष्ट आहे, पण ती शाळेत कधी गेलेच नाही किंवा मध्येच शाळा सुटली, अशा मुलासाठी. अशा मुलाला बरोबरीला आणायला खास शिकवणीचीही तरतूद त्यात आहे. हा कायदा फार मोलाचा आहे, आपल्या समाजातल्या किती तरी मुलांना त्याने वर्गात आणून बसवले. पण जे मूल पुढे पळते आहे त्याचे काय करायचे, याची वाट त्या कलमात दाखवलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांबद्दल मजकूर आहे. शिक्षकांनी अशी मुले हेरावीत, त्यांना जादा साहित्य द्यावे, विषयवार मंडळे काढावीत, असे त्यात म्हटले आहे. दोन शिक्षक आणि चार यत्ता असलेल्या वस्तीवरच्या शाळेपर्यंत ते मंडळ कधी पोहोचेल, ते पोहोचेल तेव्हा खरे.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिच्यामुळे आमचा विचारच बदलला. ते म्हणाले, हिला पुढे नवोदयला बसवायचे आहे ना? मग यत्ता गाळू नका.

नवोदय विद्यालयाचे नाव आपल्या बहुतेक घरांत माहीत असते, पण नियम माहीत नसतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही विद्यालये देशभर पसरली. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची होती. कल्पना अशी की खेड्यातल्या हुशार मुलाला, घरची परिस्थिती काही असो, चांगले निवासी शिक्षण मिळावे. पुणे जिल्ह्याचे नवोदय आमच्याच शिरूर तालुक्यात, पिंपळे जगताप येथे आहे. आम्ही तालुक्याच्या या टोकाला भीमेच्या काठी, पलीकडे दौंड तालुका, आणि ते तिकडे शिकरापूरच्या बाजूला. सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या आणि एकतृतीयांश जागा मुलींच्या. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. नववीपासून काही मुलांकडून विकास निधी घेतात, तोही मुलींना माफ आहे.

परीक्षा पाचवीत असताना द्यायची. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न आणि निम्मे गुण मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्या जुळवा, वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा. उरलेल्या ५० पैकी २५ अंकगणिताचे, २५ भाषेचे. पेपर मराठीत देता येतो. आकृत्यांना तर कोणतीच भाषा लागत नाही. घरात दखनी बोलणाऱ्या आणि वर्गात मराठी बोलायला बिचकणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा भाग फार उपयोगाचा आहे. जे मूल तोंडाने मागे पडते ते तिथे पुढे निघू शकते.

आता अडचण ऐका. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. मुलाने तिसरी आणि चौथी मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण वर्ष शिकून पास केलेली असावी लागते. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत गेलेली हवीत. वयाची अट दोन्ही बाजूंनी आहे, फार मोठे मूल चालत नाही तसे फार लहानही चालत नाही. म्हणजे आम्ही हट्टाने दुसरीतून चौथीत उडी मारायला लावली असती, तर जिल्ह्यातल्या सर्वांत चांगल्या मोफत शाळेचे दार आम्हीच तिच्या तोंडावर लावले असते. हुशारीसाठी काढलेल्या शाळेत हुशार मुलाच्या घाईला जागा नाही, हे आम्हाला विचित्र वाटते. पण नियम असा आहे आणि तो माहीत नसेल तर नुकसान आपलेच.

मग काय, बसवून ठेवायची? याचे उत्तर आम्हाला आमच्याच मक्तबाने दिले. तिथे कोणी यत्ता ओलांडत नाही, फक्त सबक पुढे सरकतो. शाळेत हजेरी दुसरीची राहू दे, पण गणिताच्या तासाला हिला तिसरीच्या रांगेत बसू द्या, असे आम्ही गुरुजींना आणि बाईंना विनवले. दोन शिक्षकी शाळेत ही गोष्ट अवघडही नाही. एकाच खोलीत तिसरी-चौथी शेजारी शेजारी बसतात. छोट्या शाळेची जी उणीव म्हणून सांगितली जाते, तीच अशा मुलाच्या कामी येते.

यात नवे काही नाही, हे आम्हाला नंतर कळले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ साली या विषयावर मोठा अहवाल काढला, २०१५ साली दुसरा. मुलाला लवकर पुढे नेण्याचे अठरा प्रकार पहिल्या अहवालात मांडले आहेत. यत्ता गाळणे हा त्यातला फक्त एक, एका विषयापुरते वर बसवणे हा दुसरा. नीट पारखून पुढे नेलेली मुले अभ्यासात मागे पडत नाहीत आणि समवयस्कांपासून तुटतात ही भीतीही बहुतेक ठिकाणी खोटी ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या पुण्यात तर आप्पा पेंडसे यांनी १९६२ सालीच ज्ञान प्रबोधिनी काढली ती हुशार मुलांना वेगळे काही द्यावे म्हणून. पण पुण्यातल्या शाळेचा मांडवगणच्या वस्तीला काय उपयोग, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्याच भागातले बघा.

शिकरापूरजवळची वाबळेवाडी आमच्याच तालुक्यातली. तिथली जिल्हा परिषदेची शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून अशी उभी केली की लांबून लोक पाहायला येऊ लागले. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. पट अगदी आटलेली ती शाळा २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत पोहोचली आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिला मिळाला. तिथल्या पद्धतीला विषयमित्र म्हणतात. ज्याला एक विषय चांगला येतो तो दुसऱ्याला शिकवतो. वयाची आणि यत्तेची भिंत मध्ये येत नाही. आम्ही ते वाचले तेव्हा एकमेकांकडे पाहून हसलो. मक्तबात अम्म पाऱ्यावरची मुलगी कायद्यावरच्या पोराला अक्षर दाखवते, ते दुसरे काय असते?

इब्न सीना यांनी दहाव्या वर्षापर्यंत कुरआन पूर्ण केले, हे आपल्या मासिकांतून आपण अभिमानाने वाचतो. ते कोणत्या यत्तेत होते, असे मात्र कोणी विचारत नाही.

तर आमची मुलगी तिसरीच्या रांगेत बसली. पहिल्या दिवशी मोठी पोरे हसली. दुसऱ्या आठवड्यात एका भागाकारात बाकी उरली आणि तिचे उत्तर चुकले. ती रडत घरी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला शाळेत काही आले नव्हते. आम्हाला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. ज्याला सगळे फुकट येते ते मूल कष्ट करायला शिकत नाही आणि पुढे जिथे अडते तिथेच बसते. आणखी एक गोष्ट उघड झाली. गणितात ती दोन वर्षे पुढे असेल, पण हात दुसरीचाच होता. मराठीचे शुद्धलेखन लिहिताना ती मागे पडायची, बोटे दुखायची. सगळीच यत्ता गाळली असती तर इथे तिचे हाल झाले असते. हुशार मूल सगळीकडून सारखे वाढत नाही, हे आम्हाला पुस्तकातून नव्हे, तिच्या वहीतून कळले.

या साऱ्यात एक नाव सारखे आठवत होते. जालना जिल्ह्यातल्या शेळगावचे अन्सार शेख. वडील रिक्षाचालक, शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. वयाच्या २१ व्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात ते केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडले गेले. त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे की चौथीत असताना त्यांची शाळा सोडवण्याचे घरात ठरत होते आणि शिक्षकांनी वडिलांना समजावले की पोरगा हुशार आहे, काढू नका. आज आपण त्यांच्या पदाचे कौतुक करतो. आम्हाला त्या शिक्षकांचे जास्त वाटते. त्यांनी मुलगा वेळेवर ओळखला.

ज्यांची मुले पाचवीच्या पुढे गेली असतील त्यांनी नवोदय हुकले म्हणून हात झटकू नयेत. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी तिचा फॉर्मच कधी भरलेला नाही. तालुक्याच्या गावी एका क्लासवाल्याने आम्हाला दुसरीपासूनच नवोदयची बॅच लावा, म्हणून गळ घातली होती. आम्ही नाही लावली. आठ वर्षांच्या मुलीला रोज आकृत्यांचे संच सोडवायला बसवले तर तिचा तो आवडता खेळही आम्हीच मारून टाकू.

यंदा ती तिसरीत आहे आणि गणिताला चौथीत बसते. दिवाळीपर्यंत चौथीचे पुस्तक संपेल, असे बाई म्हणतात. पुढची अडचण तिथेच आहे, कारण वस्तीवर पाचवी नाही. गावातल्या मोठ्या शाळेतल्या एका सरांशी बोलणे झाले आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर या, पाहतो, असे ते म्हणाले. उसाच्या तोडीच्या दिवसांत तेवढा तास काढणे सोपे नाही, पण काढू.

घरात खरा वाद वेगळाच चालू आहे. नवोदयमध्ये नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या विद्यालयात पाठवतात, हे दादीच्या कानावर गेले. तेव्हापासून तिने एकच धरले आहे, "इत्ती सी बच्ची को इत्ते दूर भेजते क्या?" तिची आई म्हणते, पिंपळे जगताप काही दूर नाही, आपल्याच तालुक्यात आहे. दादी म्हणते, आज तालुक्यात, उद्या परराज्यात. मुलगी मध्ये बसून दोघींचे ऐकते आणि विचारते की तिथे गणिताचे पुढचे पुस्तक मागितले तर देतात का. फॉर्म भरायला अजून दोन वर्षे आहेत. दादी अजून हो म्हणालेली नाही.