थंडी सोसणारे भात

मुलांनो, भात हे मूळचे उबदार प्रदेशातील पीक. पाणी गारठले, की त्याचा कोवळा तरवा पिवळा पडतो, वाढ खुंटते आणि कित्येक रोपे मरतात.

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर वसंत ऋतूतही पाणी थंडगार असते. तेथे भात पिकणार नाही, असेच पुष्कळांना वाटे. परंतु १८७३ साली नाकायामा क्यूझो या शेतकऱ्याने 'आकागे' नावाचे लाल कुसळांचे भात तेथे पेरले. तरव्याला ऊब मिळावी म्हणून तो स्नानाचे ऊन पाणी वाफ्यात ओती. अखेर पीक हाती आले!

पण मोठमोठ्या शेतांना ऊन पाणी कोठून पुरणार? रोपाच्या अंगीच थंडी सोसण्याची शक्ती हवी. त्यासाठी शास्त्रज्ञ काटक भाताचा भरघोस पिकणाऱ्या भाताशी संकर करतात. पुढील पिढीची रोपे काही दिवस थंडीत ठेवतात. पिवळी पडतील ती टाकून देतात. हिरवी राहतील ती वाढवून, त्यांतील चांगल्या पिकणाऱ्यांचेच बी राखतात. अशी निवड अनेक पिढ्या चालते, तेव्हा कोठे दोन्ही गुणांचे वाण सिद्ध होते.

थंडी सोसणाऱ्या व लवकर पिकणाऱ्या वाणांमुळेच होक्काइदो आज जपानचे एक मोठे भाताचे कोठार बनले आहे.