टिबल्स मांजरीवरचा आळ

एका मांजरीने पक्ष्याची अख्खी जात संपवली, ही गोष्ट पक्षीनिरीक्षकांच्या गप्पांत हमखास निघते. मांजरीचे नाव टिबल्स, ठिकाण न्यूझीलंडमधले स्टीफन्स बेट, मालक तिथल्या दीपगृहाचा रखवालदार. गोष्ट रंजक खरी, पण सगळा आळ टिबल्सच्या माथी मारणे चूक आहे.

कुक सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी असलेले हे कडेकपारींचे बेट जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे. २९ जानेवारी १८९४ रोजी इथला दिवा पहिल्यांदा लागला, समुद्रसपाटीपासून १८३ मीटर उंचीवर. जहाजांची मोठीच सोय झाली. रखवालदार बायकामुलांसह राहायला आले. गुरामेंढ्यांच्या चराईसाठी जंगल तुटू लागले आणि बेटावर मांजरेही आली.

त्याच वर्षी मांजराने मारलेले चिमुकले पक्षी घरी येऊ लागले. सहायक रखवालदार डेव्हिड लायल याला पक्ष्यांचा नाद होता. त्याने ते जपून ठेवले, म्हणूनच ते अभ्यासकांपर्यंत पोचले. तपकिरी-पिवळसर अंग, आखूड गोलसर पंख. लायलला हा पक्षी जिवंत दिसला तो फक्त दोनदा. खडकाच्या फटीतून निघून तो उंदरासारखा तुरुतुरु पळाला, उडाला मात्र नाही. त्याला उडता येतच नव्हते! चिमण्या-बुलबुलांच्या विशाल गणात अशा जाती अगदीच विरळा. डिसेंबर १८९४ मध्ये इंग्लंडमधले पक्षीअभ्यासक वॉल्टर रॉथशिल्ड यांनी लायलच्या नावाने त्याचे बारसे केले आणि मार्च १८९५ मध्ये ख्राइस्टचर्चच्या एका वृत्तपत्राने तो बहुधा नामशेष झाल्याचे छापलेही.

मुळात हा पक्षी एकट्या या बेटाचा नव्हता. त्याची जुनी हाडे न्यूझीलंडच्या दोन्ही मुख्य बेटांवर सापडली आहेत. माओरींच्या होड्यांबरोबर आलेल्या उंदरांनी तिथून त्याचा निकाल लावला. उंदीर न पोचलेले स्टीफन्स बेट हा त्याचा शेवटचा आसरा होता. २००४ मध्ये गॅलब्रेथ आणि ब्राउन या अभ्यासकांनी जुनी पत्रे आणि कागद तपासले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले: रानटी झालेल्या अनेक मांजरांनी मिळून हा घास घेतला होता. मांजरे बेटावर नेणाऱ्या माणसांना मात्र त्या गोष्टीत कुणी दोष देत नाही.

बेटावरची मांजरे १९२५ पर्यंत संपवण्यात आली. १९८९ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि रखवालदारही गेले. तुआतारा हा सरड्यासारखा दिसणारा अतिप्राचीन सरपटणारा प्राणी मांजरांच्या तावडीतून बचावला. आज या बेटावर त्याची संख्या तीस हजारांवर आहे. लायलच्या पक्ष्याचे मात्र वीसहूनही कमी नमुने जगभरच्या संग्रहालयांत उरले आहेत.