तान्ह्या बाळाला दूध किती व किती वेळा?

घरात नातवंड किंवा पणतवंड जन्माला आले की आपल्या लोकांत "मझल तोव"च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो : बाळ दूध नीट पिते ना? प्रश्न मायेचा आहे. पण तो कोणत्या सुरात विचारला जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. "तुझे दूध त्याला पुरत नाही वाटते," एवढे एकच वाक्य तीन दिवसांच्या बाळंतिणीच्या कानावर पडले की तिचे डोळे भरून येतात, आणि संध्याकाळपर्यंत बाळाच्या तोंडात बाटली गेलेली असते. कधी त्या बाटलीची खरोखरच गरज असते, कधी मुळीच नसते. हे ओळखायचे कसे, ते आपण साबा-साफ्ता लोकांनी समजून घेतले पाहिजे. कारण आईची रजा संपली की पुष्कळ घरांत बाळ आपल्याच मांडीवर येते, आणि त्याआधीसुद्धा सून किंवा लेक आपल्याच तोंडाकडे पाहत असते.

पहिले चार दिवस

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो. पूर्वी काही घरांत चीक जड म्हणून पिळून टाकीत आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. आज सर्व डॉक्टर सांगतात की चीक हेच बाळाचे पहिले अन्न आहे, आणि रोगाशी झगडणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात.

तो थोडा असतो, कारण बाळाची गरजही तेवढीच असते. पहिल्या दिवशी एका वेळेला 2 ते 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा ते दोन चमचे. दुसऱ्या दिवशी 5 ते 15, तिसऱ्या दिवशी 15 ते 30, आणि चौथ्या दिवशी 30 ते 60 मिलिलिटर. पहिल्या दिवशी "काहीच येत नाही" असे जे वाटते, ते बहुतेक वेळा आपण मोठ्या माणसाच्या मापाने मोजतो म्हणून वाटते.

या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, आणि घरात घबराट होते. जन्माच्या वजनाच्या शेकडा 7 पर्यंत घट नेहमीची समजली जाते. शेकडा 10 च्या आसपास गेली तर डॉक्टर व नर्स लक्ष घालतात. 3,200 ग्रॅमचे बाळ चौथ्या दिवशी 3,000 ग्रॅम भरले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र 10 ते 14 दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर आले पाहिजे. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला सुमारे 20 ते 30 ग्रॅम वाढ व्हावी.

अंगावरचे दूध

आईच्या दुधावरचे तान्हे बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पिते. म्हणजे सरासरी दर दोन ते तीन तासांनी. पण बाळाला घड्याळ कळत नाही. दुपारी ते तीन तास झोपेल आणि संध्याकाळी तासातासाला मागेल. संध्याकाळचे हे सततचे मागणे पाहूनच आपण म्हणतो, "दूध आटले." तसे नसते. त्या वेळी बाळ रात्रीची तयारी करीत असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सहाव्या आठवड्याच्या सुमारास आणि तिसऱ्या महिन्यातही दोन-तीन दिवस असे जास्त मागण्याचे येतात, नंतर ते निवळते.

यामागचे कारण साधे आहे. बाळ जितके ओढते, तितके दूध पुढे तयार होते. कोकणातल्या विहिरीचा उपसा चालू राहिला की झरा वाहता राहतो, तसेच. आता त्या संध्याकाळी आपण मदत म्हणून एक बाटली दिली, तर बाळाचे पोट भरते, ते चार तास झोपते, आईकडे जात नाही. उपसा कमी झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी दूध कमी येते. मग आणखी एक बाटली लागते. आठ दिवसांत खरोखरच दूध पुरेनासे होते, आणि "आम्ही म्हटलेच होते" असे म्हणायला आपण मोकळे!

भूक ओळखावी ती रडण्याआधी. बाळ तोंड वळवून शोधते, जीभ बाहेर काढते, मुठी चोखते. रडणे ही शेवटची पायरी आहे, आणि फार रडलेले बाळ नीट पिऊही शकत नाही. उलट प्रत्येक रडणे भुकेचेच असते असेही नाही. ओले लंगोट, अडकलेली ढेकर, उकाडा, झोप, नुसते मांडीवर यायचे असणे, ही सगळी कारणे आधी पाहावीत.

बाटलीचे दूध : एक त्रैराशिक

काही आयांना दूध खरोखरच कमी येते, काहींना औषधे चालू असतात, काही बाटलीच पसंत करतात. त्यात कमीपणा मानू नये व मानायला लावू नये. येथे डब्यातल्या बाळदुधाला तामाल म्हणतात. त्याचा हिशेब आपल्या शाळेतल्या त्रैराशिकाने करता येतो. पहिला आठवडा सरल्यावर व सहा महिन्यांपर्यंत, दर किलो वजनाला दिवसाकाठी 150 ते 200 मिलिलिटर दूध लागते.

बाळ 4 किलोचे असेल तर 4 गुणिले 150 म्हणजे 600, आणि 4 गुणिले 200 म्हणजे 800. दिवसभरात 600 ते 800 मिलिलिटर. ते 8 वेळा पीत असेल तर एका वेळेला 75 ते 100 मिलिलिटर झाले. वय वाढते तसे वेळा कमी होतात व एका वेळेचे माप वाढते. दिवसाचा एकूण आकडा साधारण एक लिटरच्या पुढे जाऊ देऊ नये. जात असेल तर नर्सला विचारावे.

हा आकडा अंदाजासाठी आहे, बाळाला परीक्षेत पास करण्यासाठी नव्हे. बाळाने तोंड फिरवले, ओठ मिटले, हात सैल सोडले की बाटली संपली असे समजावे, तळाशी 20 मिलिलिटर उरले असले तरी. "एवढे टाकायचे कशाला?" म्हणून ते तोंडात कोंबू नये. आपण ज्या काळात वाढलो त्या काळात पानात टाकणे पाप होते, पण तान्ह्या बाळाला तो नियम लावता येत नाही.

दूध करताना उकळलेले पाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त निवू देऊ नये. ते निदान 70 अंश गरम असताना भुकटी घालावी, कारण भुकटी जंतुविरहित नसते. आधी पाणी मोजावे, मग डब्यातल्याच चमच्याने, डब्यावर लिहिल्याप्रमाणे, सपाट चमचे घालावेत. शीग लावलेला चमचा बाळाच्या मूत्रपिंडांवर भार टाकतो, आणि डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवले तर बाळ उपाशी राहते. नंतर बाटली नळाखाली धरून निववावी व मनगटावर थेंब टाकून पाहावा. पिण्यास सुरुवात केल्यापासून तासाभरात उरलेले दूध ओतून द्यावे, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. शब्बाथच्या दिवशी हे कसे करायचे ते रब्बींना आधीच विचारून ठेवावे, ऐन वेळी खोळंबा नको.

लंगोटाची साक्ष

अंगावर पिणाऱ्या बाळाने किती घेतले ते डोळ्यांना दिसत नाही. पण आत गेलेले बाहेर येतेच. पहिल्या दिवशी निदान एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक चांगले ओले लंगोट हवेत. काळी, चिकट पहिली शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. लंगोट ओले आहेत, वजन वाढते आहे, बाळ जागे असताना टवटवीत आहे, तर दूध पुरते आहे. मग शेजारणीचे बाळ किती पिते हे विचारण्याचे कारण नाही.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. न रडणाऱ्या, सदा झोपणाऱ्या बाळाला आपण "किती शहाणे बाळ" म्हणतो. पहिल्या दोन आठवड्यांत हे शहाणपण फसवे असू शकते. कावीळ वाढली की बाळाला गुंगी येते, ते दूध मागत नाही. दूध कमी गेले की शी कमी होते, आणि काविळीचे पिवळे द्रव्य शीवाटेच बाहेर पडत असल्यामुळे कावीळ आणखी वाढते. म्हणून जन्माचे वजन भरून येईपर्यंत बाळ चार तासांहून जास्त झोपले तर उठवून पाजावे. पिवळ्या पडलेल्या बाळाची ब्रित मिला आठव्या दिवशी न करता पुढे ढकलावी, हे आपल्या शास्त्रकारांनी तालमूदच्या काळापासून सांगितलेले आहे. पाहुण्यांना निमंत्रणे गेली, हॉल ठरला, म्हणून मोहेलला व डॉक्टरांना गळ घालू नये.

पाणी, मध, घुटी

सहा महिन्यांच्या आत पाणी देऊ नये. दिमोना-बीरशेबाच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. आईच्या दुधात शेकडा सुमारे 88 भाग पाणीच असते. उकाड्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावे. बाटलीवरच्या बाळासाठी शंका असल्यास नर्सला विचारावे. नुसत्या पाण्याने पोट भरते, पोषण मिळत नाही, आणि रक्तातले मीठ पातळ होऊन झटकेही येऊ शकतात.

मध वर्षाच्या आत मुळीच नको. मधात एका जंतूचे बीज असू शकते. आपल्या पोटात ते निरुपद्रवी ठरते, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करते, आणि बाळ लुळे पडते. त्याला बोटुलिझम म्हणतात. नव्याच्या सणाला, रोश हशानाच्या रात्री, सफरचंदाबरोबर मधाची वाटी टेबलावर असते आणि कोणाचे तरी बोट बाळाच्या ओठांकडे जातेच. "गोड वर्ष जावो" हा आशीर्वाद तोंडाने द्यावा.

बाळघुटीचेही तसेच. सहाणेवर उगाळलेले वेखंड, मायफळ, हळकुंड, बाळहिरडा यांच्या आठवणी आपल्याला प्रिय आहेत. पण पोटात किती गेले याचे माप नसते, आणि सहाण व पाणी दोन्ही निर्जंतुक नसतात. सहाण आठवण म्हणून कपाटात ठेवावी. जन्मापासून द्यायचे ते ड जीवनसत्त्वाचे थेंब, दिवसाला 400 युनिट, आणि चौथ्या महिन्यापासून लोहाचे थेंब. ते टिपत हलावच्या सांगण्याप्रमाणे द्यावेत.

टिपत हलाव

या नावाचा अर्थच "दुधाचा थेंब". 1921 साली हदासाच्या परिचारिकांनी यरुशलेममध्ये पहिले केंद्र काढले. गोरगरीब आयांना निर्जंतुक दूध मिळावे म्हणून ते गाढवांवर लादून घरोघर पोचवले जाई. आज तेथे बाळाचे वजन, लसी, वाढीचा आलेख सर्व पाहिले जाते. सुनेबरोबर आपणही जावे, पण उत्तरे तिला देऊ द्यावीत. आलेखावर बाळ वरच्या रेषेवर असो वा खालच्या, ते आपली रेषा धरून चढते आहे की नाही एवढेच महत्त्वाचे. साधारण पाचव्या महिन्यात वजन दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते.

मात्र काही लक्षणे दिसली तर टिपत हलावच्या तारखेची वाट पाहू नये. लंगोट कोरडे, तोंड सुकलेले, टाळू खोल गेलेली, बाळ उठवूनही पीत नाही, उलटी हिरवी किंवा जोराने लांब फेकली जाणारी, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश वा अधिक ताप, यांपैकी काहीही असले तर ताबडतोब डॉक्टर किंवा रुग्णालय. गरज पडली तर 101 फिरवावा. शब्बाथ असो की किपूर, पिकूआख नेफेश आधी.

आपले काम

तोरात योखेबेदचे उदाहरण आहे. मोशेला पाजायला फारोच्या मुलीने दाई बोलावली, ती त्याची स्वतःची आईच निघाली. अब्राहामाने इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी मोठी मेजवानी दिली. आईच्या दुधाचा मान आपल्याकडे असा जुना आहे. तो मान राखायचा तर पाजणाऱ्या आईला सांभाळायला हवे. दूध तिने पाजावे, बाकीचे आपण उचलावे. तिला गरम जेवण, नारळाच्या दुधातली हळिवाची खीर, हाताशी पाण्याचा तांब्या द्यावा. मोठ्या नातवाला गानमधून आणावे, धुणे वाळत घालावे. पिऊन झाले की बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि पाठीवर निजवावे. आणि "पुरते का ग?" असे विचारायचेच असेल, तर आज लंगोट किती ओले झाले ते आधी मोजून घ्यावे.