शेवटचा हात: घरी बांधलेल्या विमानाची लांबी आणि रंग

घरी विमान बांधणे म्हटले की आपल्यापैकी अनेकांना कांदिवलीतल्या गच्चीवर विमान उभारणारे अमोल यादव आठवतात. त्यांचे विमान धातूचे. आम्ही येथे लिहीत आहोत ते काचकापड आणि इपॉक्सीच्या विमानांबद्दल. कॅलिफोर्नियातील मोहावे येथे बर्ट रुटान यांचे 'व्हेरीईझ' 1975 साली आणि 'लाँग-ईझेड' 1979 साली उडाले. त्यांचे नकाशे घेऊन हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये विमाने बांधली.

पद्धत अशी. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचकापड थरावर थर बसवायचे. साचा लागत नाही, ही मोठी सोय. पण साचा नाही म्हणून बाहेरची बाजू आपोआप गुळगुळीतही येत नाही. कापडाची वीण दिसते, थर एकमेकांवर येतात तिथे पायरी राहते.

ती भरायला लांबी लागते. मोटारीच्या पत्र्याला लावतात ती लांबी पंखभर फासली तर फार जड होते. म्हणून इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे पिठासारखे बारीक, पोकळ काचेचे गोळे मिसळतात. मिश्रण श्रीखंडाच्या चक्क्याइतके घट्ट हवे, उभ्या बाजूवरही ओघळता कामा नये. सैल मिश्रण पसरायला सोपे, पण त्यात इपॉक्सी जास्त. वजन वाढते आणि घासताना खांदे भरून येतात ते वेगळेच.

घासण्यासाठी दोन-अडीच फुटांच्या सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवतात आणि ती तिरपी चालवतात, एकदा या अंगाने, एकदा त्या. छोटा ठोकळा घेतला तर तो खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. हाताला सारे गुळगुळीत लागते, पण लाट तशीच राहते. ही लाट केवळ दिसायला वाईट नाही. पंखाच्या पुढच्या भागावरून हवा संथ थराने वाहावी लागते आणि तिथे थोडेसे खडबडीत झाले तरी फरक पडतो. या विमानांच्या नाकाजवळच्या लहान पंखाचा पहिला आकार तर इतका हळवा होता, की पावसाचे थेंब बसले तरी त्याची उचल कमी होई. पुढे जॉन रॉन्झ यांनी नवा आकार दिला, तेव्हा ही अडचण सुटली.

आमच्या मते सर्वांत धोक्याचा क्षण उंचवटा दिसतो तेव्हाचा. तो घासून टाकावा असे वाटणारच. पण कापडाचा एक थर जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो आणि पंखाची ताकद त्या धाग्यांतच असते. धागे कापले गेले, तर वरून लांबी भरून ती ताकद परत येत नाही. म्हणून उंचवट्याला हात लावायचा नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग भरून चढ हलका करायचा. मात्र भरण्यालाही वजन आहे. आरशासारखा पंख हवा म्हणून किलोच्या किलो लांबी चढवणारे त्या वजनाएवढे पेट्रोल किंवा सामान कायमचे गमावतात.

पुढे प्रायमर. सूर्याच्या अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होते, म्हणून ते किरण अडवणारा थर लागतो. सुईच्या टोकाएवढी छिद्रे याच वेळी डोळ्यांत भरतात आणि ती बुजवावी लागतात. या सगळ्या कामात काचेची धूळ उडते. चांगला मास्क हवाच.

रंग पांढराच का, असे मुले हमखास विचारतात. घरच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते. गडद रंगाची मोटार उन्हात उभी असली की तिच्या टपावर हात ठेववत नाही. तेवढ्या तापात फोम आणि इपॉक्सी दोन्ही धोक्यात येतात. पांढरा रंग ऊन परतवतो. लाल-निळ्या पट्ट्यांची हौस थोडक्यात भागवावी.

एक तपासणी रंगानंतरची. एलेरॉन आणि एलिव्हेटर बिजागरीवर हलतात व त्यांचा तोल मोजून साधलेला असतो. बिजागरीच्या मागे लांबी-रंगाचे वजन वाढले की तो बिघडतो आणि वेगात ते भाग फडफडू लागतात. ही फडफड काही सेकंदांत विमान मोडू शकते. म्हणून रंग वाळल्यावर हे भाग उतरवून तोल पुन्हा बघायचा. नकाशातल्या मर्यादेत बसत नसेल, तर पुढे वजन वाढवायचे, नाहीतर तो सुरेख रंग खरवडून काढायचा.