हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झाले तर? बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका

अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि पेशंट घरी आला की घरच्यांना वाटते, संकट टळले. दोन-तीन महिन्यांनी पेशंटच म्हणतो, "आता बरं वाटतंय, एवढ्या गोळ्या कशाला?" मग एकेक गोळी बंद होते. पण बरे वाटते आहे ते बऱ्याचदा याच गोळ्यांमुळे.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

हृदय बंद पडणे म्हणजे हार्ट फेल्युअर नव्हे. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. स्टेंटने रक्तवाहिनी उघडते, पण मेलेला स्नायू जिवंत होत नाही. उरलेल्या भागावर ताण येतो आणि रक्त ढकलण्याची ताकद कमी पडते. टू-डी एकोच्या रिपोर्टमध्ये 'ईएफ' हा आकडा ही ताकद दाखवतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो. ४० किंवा त्याहून कमी असेल तर हृदय कमजोर समजावे.

रक्त कमी पडते म्हणून शरीर नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, मीठ-पाणी धरून ठेवते. थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसेच हे. त्यातून पाय सुजतात, चालताना दम लागतो, रात्री सपाट झोपवत नाही.

गोळ्या काय करतात?

मुख्य औषधांचे चार गट आहेत:

१. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन: आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतात.
२. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल: नाडी आणि हृदयावरचा ताण कमी करतात.
३. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन: मीठ साठू देत नाहीत.
४. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: मूळच्या शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटलाही देतात.

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्यांनी सूज आणि दम कमी होतो, पण त्या या चार गटांची जागा घेत नाहीत.

फायदा मोजलेला आहे. १९९२ च्या 'सेव्ह' अभ्यासात अटॅकनंतर ईएफ ४० किंवा कमी असलेले २,२३१ पेशंट होते. पहिल्या गटातले कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्के, तर न घेणाऱ्यांत २५ टक्के होते. २००३ च्या 'एफेसस' अभ्यासात एप्लेरेनोननेही मृत्यू कमी झाले. यातल्या अनेक पेशंटना त्या गोळीने रोजच्या रोज काही जाणवले नसेल, पण ती काम करत होती.

घरच्यांनी काय पाहायचे?

- रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. गोळी सोडू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.
- सॅक्युबिट्रिल सुरू झाले की घरातली जुनी रामिप्रिल देऊ नका. दोन्ही एकत्र घेतल्यास चेहरा, घसा सुजून श्वास अडकू शकतो. बदलताना ३६ तासांचे अंतर लागते.
- पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणी चुकवू नका. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते, ते विचारल्याशिवाय वापरू नका.
- गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. त्याने शरीरात पाणी साठते.
- लोणचे, पापड, सुकी मासळी कमी करा.
- रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
- रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नका, स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते.

रोज्याचे काय?

लघवीच्या आणि चौथ्या गटातल्या गोळ्यांमुळे दिवसभर पाण्याविना राहणे जड जाऊ शकते. रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारा. गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसवता येतील का, हे तेच सांगतील. त्यांनी मना केले तर मन खट्टू करू नका. आजारी माणसाला शरियतमध्ये सवलत आहे.

छातीत दुखले, बसल्या जागी दम लागला किंवा चक्कर येऊन पडले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.